उभ्या इस्त्रीचं मत

लाँड्री कामगारांच्या मालकीची झाली तेव्हापासून वहिनींनी तीन राज्यपद्धती पाहिल्या. चादरी तिन्हींत त्याच होत्या.

आधी सगळं सगळ्यांनी ठरवायचं होतं. ठराव पटला की आपली इस्त्री उभी करायची, हेच मतदान. साबणाच्या ठरावावर दुपारपर्यंत भांडण चाललं आणि गिऱ्हाइकं चुरगळलेल्या चादरी घेऊन गेली. मग समिती आली. समितीने प्रमुख नेमायचा, विश्वास उडाला की उतरवायचा. विश्वास इतका भराभर उडे की चौथ्या प्रमुखाने बसण्याआधी विचारलं, खुर्चीला पाठ टेकू का? शेवटी वहिनींनीच वाचनालयातली जाडजूड पुस्तकं चाळून तोडगा काढला: प्रमुख सगळ्यांच्या मतांनी थेट निवडायचा आणि दोन वर्षं त्याला कुणी हात लावायचा नाही. निवडून आला तो त्यांचाच धाकटा दीर. तेव्हापासून त्या सगळ्या लाँड्रीच्या वहिनी.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या चादरी संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. त्या जाईपर्यंत बर्नर बंद करायचा नाही, असा हुकूम भाऊजींनी सकाळीच सगळ्यांदेखत सोडला होता. बॉयलरची झडप सारखी उघडून वाफ सोडत होती, म्हणून भाऊजींनी तिच्या दांड्याला आणखी एक लोखंडी वजन टांगलं. झडप गप्प झाली. वहिनी बॉयलरच्या खोलीत डोकावल्या तेव्हा दाबाचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता.

"भाऊजी, बर्नर बंद करा."

"चादरी गेल्या की करतो."

"भिंतीपलीकडे माझी सून उभी आहे. सगळ्याच आहेत."

"वहिनी, नियम तुमचाच. दोन वर्षं मला कुणी अडवायचं नाही."

बर्नर बंद व्हायला हवा, असं वहिनींनी इस्त्रीघरात येऊन सांगितलं. सुनेने इस्त्री उभी केली. जुनी सवय. दुसरीने केली, तिसरीने केली. भिंतीतला पाइप ठोके देऊ लागला, तेव्हा वहिनींच्या ध्यानात आलं. इस्त्र्या बॉयलरच्याच वाफेवर चालत. उभी केली की तिची वाफ बंद. प्रत्येक मतागणिक वाफेची एक वाट बुजत होती.

"आडव्या करा. ओढा वाफ, चादर जळली तरी चालेल."

बायका तुटून पडल्या. सरकारसाठी एवढं राबणारा विरोधी पक्ष कुठल्याही पुस्तकात नव्हता.

वहिनी परत गेल्या. भाऊजी काट्याकडे बघत होते. हात बर्नरच्या चावीवर, पण फिरवत नव्हते. सगळ्यांदेखत दिलेला हुकूम मागे घेणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"तुम्हाला कुणी उतरवत नाही," वहिनी हळू म्हणाल्या. "हुकूम तुमचा, मोडायचाही तुम्हीच. मी पाहिलंच नाही म्हणेन."

पाइपने पुन्हा ठोका दिला. भाऊजींनी चावी फिरवली. काटा लाल पट्ट्यातून उतरेपर्यंत दोघं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग भाऊजींनी हाताला ओली चादर गुंडाळून वजन काढलं.

हॉस्पिटलने चादरी दुसरीकडे दिल्या. संध्याकाळच्या सभेत वहिनींनी दुरुस्ती मांडली: प्रमुख दोन वर्षं राहील, पण झडपेला हात लावायचा अधिकार कुठल्याच प्रमुखाला नाही. मतदानाची वेळ आली तशी कुणीच हालचाल करेना. भाऊजी उठले, बॉयलर थंड आहे ना ते स्वतः पाहून आले, आणि सगळ्यांत आधी त्यांनी इस्त्री उभी केली.