दाब आणि सोड

दोन सख्खे भाऊ एकाच गॅरेजात, एकाच गाडीवर सात वर्षं काम करतात आणि त्यांच्यात एकूण दोनच शब्द होतात, असं कुणी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, थापा मारू नका. पण त्या गल्लीत कुणालाही विचारा. शेजारचा टायरवाला तर हिशेबच ठेवायचा. "आज थोरले मिस्त्री 'हं' म्हणाले," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "पण शिंक आल्यावर. धरायचं की सोडायचं, तुम्हीच ठरवा."

शब्द होते 'दाब' आणि 'सोड'. म्हणायचा धाकटा मिस्त्री. थोरला उत्तर द्यायचा ते पायाने.

दोघांचा हातखंडा एकाच कामात. चारही चाकांना जोर असलेल्या, डोंगरात चढणाऱ्या गाड्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढायचा आणि त्या जागी हाताने गिअर टाकायचा गिअरबॉक्स बसवायचा. उतरणीवर गाडीने आपल्या मनाने वरचा गिअर घ्यावा हे ज्यांना मानवत नसे, ते सगळे यांच्याकडे यायचे. फ्लायव्हील, क्लचप्लेट, तिसरं पेडल, शाफ्टची लांबी कमीजास्त, सगळं झालं की शेवटी क्लचच्या ऑइलच्या नळीत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढायची. त्याला माणसं दोन लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने गाडीखाली उताणं पडून निपल, म्हणजे नळीची बारकी तोटी, सैल करायचं, बुडबुडे बाटलीत गेले की आवळायचं, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. क्रम चुकला की बाहेर काढलेली हवा परत आत. म्हणून खालच्याने बोलायचं, वरच्याने ऐकायचं.

थोरला कायम वर, धाकटा कायम खाली. वीस वर्षं असंच चाललं. मग एक दिवस धाकट्याच्या डोळ्यात ऑइल गेलं आणि भर गिऱ्हाइकांत तो म्हणाला, "लाटसाहेब, कधी आमच्या जागी येऊन झोपा की. का शर्टाला डाग पडेल?" टायरवाला खो-खो हसला. थोरल्याने हात पुसले. त्यानंतर जे मौन सुरू झालं, ते थोरला तापाने गेला तेव्हाच संपलं. म्हणजे संपलं असं सगळ्यांनी धरलं.

तो गेल्यावर महिन्याभराने वहिनी धाकट्याला म्हणाली, "भाऊजी, एक सांगू? ते खाली जायला घाबरायचे. तुम्ही शाळेत होता तेव्हा जॅक सटकला होता. अर्धा तास गाडी छातीवर. तुम्हाला सांगू नको म्हणाले, नाहीतर धाकटा या धंद्यात पाऊलच टाकायचा नाही."

धाकट्याने वर्षभर गिअरबॉक्स बदलायचं काम घेतलं नाही. नुसते ब्रेक आणि पट्टे. बायको म्हणायची, "अहो, हात आहेत तुम्हाला, ते काय भावाबरोबर गेले?" तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

मग गुरांची डॉक्टरीण आली. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर जायची, एकटी. घाटाच्या उतरणीवर तिची ऑटोमॅटिक दोनदा हाताबाहेर जाता जाता वाचली होती. "मिस्त्री, तुमच्याशिवाय हे कोण करतं सांगा, मी तिकडे जाते," ती म्हणाली. असं कुणीच नव्हतं. त्याने गाडी आत घेतली.

बारा दिवसांत गिअरबॉक्स बसला. तेराव्या दिवशी दुपारी, टायरवाला जेवायला गेलेला, गल्ली सुनसान, धाकट्याने गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवली, चाकांच्या फळकुटावर पडून खाली सरकला, निपलला नळी लावली, पाना धरला आणि सवयीने म्हणाला, "दाब."

निपल सैल करताच ऑइल फसफसत बाटलीत आलं. त्याने आवळलं. "सोड." वर पेडल टक करून जागेवर आलं.

मग त्याच्या लक्षात आलं की वर कुणी नाही.

तो तसाच पडून राहिला. ऑइल आपल्या वजनानेही उतरतं, त्याने स्वतःला समजावलं. न बोलता निपल सैल करून पाहिलं. एक थेंब आला नाही. मग अगदी हळू, स्वतःलाच ऐकू जाईल न जाईल असं, म्हणाला, "दाब." ऑइल आलं. आणि पेडल दाबताना व्हायचा तसा सीटच्या स्प्रिंगचा आवाजही आला, जड माणूस पुढे सरकल्यासारखा.

शहाणा माणूस पळाला असता. धाकटा दुसऱ्या दिवशी जेवण उरकून लवकर खाली गेला.

काम खरं तर अर्ध्या तासाचं. चार दिवस झाले तरी बुडबुडे संपेनात. कसे संपतील? हा पठ्ठ्या पाना आवळायच्या आधीच 'सोड' म्हणायचा, हवा परत आत जायची. पहिल्यांदा चुकून झालं असेल. पुढच्या वेळांना चूक म्हणायचं की काय, ते त्याचं त्याला ठाऊक. एअर निघाली की काम संपणार, आणि काम संपलं की वरचा पाय जाणार, एवढं त्याला कळत होतं.

"एअर काढताय की गाडीचा जीव?" बायको म्हणाली. "डॉक्टरीणबाईंचे तीन फोन आले. वस्तीवर गाय अडलीय, दुसऱ्याची गाडी मागून गेल्या."

"उद्या देतो."

"काल पण उद्याच होतं."

पाचव्या दुपारी तो खाली गेला. "दाब." ऑइल आलं, बुडबुड्यांसकट. त्याने निपल तसंच सैल ठेवून म्हटलं, "सोड."

पेडल वर आलं नाही.

"सोड," तो पुन्हा म्हणाला. काही नाही. निपल उघडं, बाटली भरत आलेली, वर चिडीचूप. थोरल्याला कच्चं काम खपायचं नाही, हे त्याला एकदम आठवलं. "सोड ना, दादा."

सात वर्षं आणि वरचं एक, एवढ्या काळात 'दादा' हा शब्द तोंडातून पहिल्यांदा निघाला होता.

निपल आवळून तो बाहेर आला. दार उघडं, सीट रिकामी, पेडल थेट तळाला टेकलेलं. हाताने ओढून पाहिलं, हलेना. शेवटी तो सीटवर बसला. स्वतःच्या गॅरेजात त्या जागी तो कधीच बसला नव्हता. सीट गरम होती. त्याने पेडलवर पाय ठेवला, तसं ते त्याच्या तळव्याखालून आपोआप वर आलं, कुणीतरी पाय काढून जागा दिल्यासारखं.

आणि फळकुटाची चाकं करकरली. गाडीखाली.

बराच वेळ काही झालं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, तोकडा, दम कोंडल्यासारखा. मग पाना निपलवर बसल्याचा आवाज, आणि खालून शब्द आला, "दाब."

धाकट्याने दाबलं. पेडल खाली गेलं.

"सोड."

त्याने सोडलं. इतकं चोख काम त्याने जन्मात केलं नव्हतं. दाब, सोड. दाब, सोड. दर वेळी पेडल थोडं कडक लागायचं, हवा निघत चालली होती.

तेवढ्यात बायको हातात फोन घेऊन आली. गाडीखालून दोन बूट बाहेर दिसत होते. ती बुटांशीच बोलू लागली. "अहो, डॉक्टरीणबाई विचारतात, संध्याकाळी येऊ का?"

"या म्हणावं," नवरा वरून म्हणाला.

तिने मान वर करून सीटकडे पाहिलं. मग बुटांकडे. टाचा झिजलेल्या, डावी जास्त. थोरले दीर होते तेव्हा हे बूट तिने रोज उंबऱ्याबाहेर पाहिले होते.

"अहो," ती म्हणाली, "मग खाली कोण..."

"हळू बोल," तो म्हणाला. "त्याला खाली भीती वाटते."

तिने फोन खिडकीत ठेवला, पदर खोचला, खाली बसली आणि गाडी पेलणारी घोडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मोठे भाऊजी," ती म्हणाली, "सावकाश होऊ द्या. मी धरलीय."