उन्हाळा काढलेली झाडं

एप्रिलातल्या एका मंगळवारी सकाळी वहिनी गेली. चहा गाळून झाला होता. ओट्याला धरून ती खाली बसली. दादानं हाक मारली, मी पुढच्या खोलीतून उठून गेले. रिक्षा आली, आम्ही दवाखान्यात पोचलो, डॉक्टरांनी मान हलवली. घरी परतलो तेव्हा चहा कपांत तसाच होता.

आता महिना होत आला. ती नाही, हे मला कळतं. पण सकाळी दाराची कडी वाजली की वहिनीच बागेत गेली असं वाटतं, आणि मग...

पुंडलिकनगरातल्या आमच्या घरापुढं दिवसभर उन्हात तापणारी मातीची एक पट्टी आहे. तिथं वहिनीनं डायंथस लावले होते. गुलाबी, कातरलेल्या कडांच्या पाकळ्या, जवळ वाकलं तर लवंगेसारखा वास. नर्सरीवाला म्हणाला होता, हिवाळ्याचं फूल आहे, मार्चमध्ये उपटून टाका. माझी नोकरी ग्रंथालयातली. मी पुस्तक आणून वहिनीला वाचून दाखवलं, की थंड मुलखात हे झाड वर्षानुवर्षं जगतं, त्याला चुना मानवतो आणि मुळाशी पाणी साचलं की ते सडतं. वहिनी कन्नड तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरची. ती हसली. "वन्सं, तुमच्या पुस्तकाला म्हणावं, एकदा मे महिन्यात इथं येऊन बस." पण दुसऱ्याच दिवशी तिनं काळी माती उपसायला घेतली. मुरूम आणवला. कोपऱ्यावर जुनं घर पाडत होते, तिथून चुन्याचे खडे घमेल्यातून आणले आणि उंच वरंबा केला. दादा म्हणाला, "फुलं लावायलीस का रस्ता करायलीस?" "रस्ताच. तुम्ही त्याच्यावरनं चालू नका, म्हंजे झालं."

दोन उन्हाळे तिनं ती झाडं जगवली. मे महिन्यात पानं निळसर राखाडी पडत, झाड मेल्यासारखं दिसे. दुपारी ती त्यावर जुनी सुती साडी काठ्यांना बांधून ताणायची. माती बोटभर आतपर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. मला राहवायचं नाही. मी तांब्या उचलला की ती आतून म्हणायची, "ठिवा तो. झोपलंय ते. झोपलेल्याच्या तोंडात पाणी घालतंय का कुणी?" यंदाचा तिसरा उन्हाळा निघाला की झाड आपल्या गावचं झालं म्हणायचं, असं तिनं ठरवलं होतं.

तो उन्हाळा तापू लागला आणि ती गेली. माणसं भेटायला येऊ लागली. दारात चपला काढताना प्रत्येकाची नजर त्या राखाडी झाडांवर जाई. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मालकीण गेली, तर झाडंबी सुकली बघा," आणि त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. मग ती रीतच पडली. जो येई तो जाताना पाणी घाली. पाचोडच्या मामांनी अख्खी बादली रिकामी केली आणि उपरण्यानं डोळे पुसले.

मी दादाला म्हणाले, "ही झाडं पाण्यानं मरतात."

तो म्हणाला, "त्यांना तिच्यासाठी कायतरी करायचंय गं. दारात आलेल्याला नको कसं म्हणू?"

तेराव्यानंतर मी वरंब्याला हात लावला. झाड बुडापासून सुटून हातात आलं, खाली काळं आणि मऊ. त्याच्या शेजारचंही. दवाखान्यात मला रडू आलं नव्हतं. तिथं आलं.

काही शेंडे अजून घट्ट होते. वहिनी रोप करताना देठ धरून शेंडा हलकेच ओढायची, तो पेरातून अलगद निसटायचा. मी तसेच ओढले, वाळूच्या कुंडीत खोचले आणि कुंडी जिन्याखालच्या सावलीत ठेवली. दादा आता तिथंच खुर्ची टाकून बसतो. परवा काकू तांब्या घेऊन आल्या, तर तोच म्हणाला, "नको काकू. पाणी लई झालं त्याला." काकूंनी तांब्या त्याच्याच हातात दिला. तो पाणी प्यायला.

बाकीचे शेंडे करपले. एक उभा आहे. त्याला मुळं फुटली की नाही, मला माहीत नाही.