टमाट्याचं कार्ड

भूतखेत, करणी, अंगात येणं... या सगळ्याला आमच्या गावात पहिली हसणारी मी. अंगणवाडीत बारा वर्षं काढली की माणसाला फक्त चार वर्षांच्या पोरांची भीती वाटते, असं म्हणायचे. आता म्हणत नाही. घडलं तसं लिहिते, कुणाला उलगडलं तर सांगा.

गाव पाथर्डी तालुक्यातलं. अंगणवाडी म्हणजे पत्र्याची एक खोली, एक दार, जाळी मारलेली एक खिडकी. किल्ल्या दोनच — एक माझ्याकडे, एक मदतनीस शांताबाईंकडे.

दारासमोरच्या भिंतीवर मी हजेरीचा बोर्ड केलाय. थर्माकोलवर डावीकडे घर, उजवीकडे शाळा, कडेनं जुन्या साडीचा काठ. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चित्रं काढून प्रत्येक पोराला एक कार्ड दिलंय — कुणाला पोपट, कुणाला छत्री. आलं की आपलं कार्ड घराकडून काढून शाळेकडे लावायचं, जाताना परत घराकडे. बाकी सगळं विसरतील, पण हे पोरं विसरत नाहीत.

मनूचं कार्ड टमाट्याचं. तिला फूल देऊन पाहिलं, ससा देऊन पाहिला. बाईसाहेबांना टमाटाच हवा. आणि लावायची ते उलटं, चित्र भिंतीकडे करून. का गं म्हटलं तर, "त्याला ऊन लागतंय ना, बाई." बोर्डापर्यंत ऊन पोचतही नाही, पण मी नाद सोडला.

दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. त्या वर्षी मनूचे आईबापही तिला घेऊन कोपरगावकडे गेले. अशा अकरा पोरांची कार्डं घराकडे लटकत राहिली.

पुढे एका सोमवारी पर्यवेक्षिका मॅडम बोर्डाचा फोटो काढायला येणार होत्या. एवढा खपून केलेला बोर्ड, आणि शाळेची बाजू भकास. मग मी एक शहाणपणा केला... गेलेल्या अकराही पोरांची कार्डं शाळेकडे लावून टाकली. रजिस्टरला हात लावला नाही ना, असं मनाला समजावलं. मॅडम खूश झाल्या. त्या गेल्यावर मी सगळी कार्डं परत घराकडे नेली.

मंगळवारी सकाळी कुलूप काढलं तर टमाट्याचं कार्ड शाळेकडे होतं, उलटं लावलेलं. आपल्याकडूनच राहिलं असेल म्हणून मी ते सुलटं करून घराकडे लावलं. बुधवारी पुन्हा तेच. मी शांताबाईंवर चिडले.

"ताई, मी कशाला हात लावू त्याला? झाडून घेते, कुलूप लावते अन् जाते," त्या म्हणाल्या. मग केरसुणी उचलत, "पोरीच्या आईला एक फोन तरी लावा."

फोन करून काय सांगू, कार्ड हललं म्हणून? हसं झालं असतं माझं. उलट त्या संध्याकाळी कार्ड घराकडे लावून मी शांताबाईंची किल्ली मागून घेतली. दोन्ही किल्ल्या उशाखाली घेऊन झोपले.

गुरुवारी कार्ड शाळेकडेच. उलटं. खरं सांगते, हात लावायची भीती वाटली. तरी लावला, आणि संध्याकाळी जाताना ते घराकडे नेलं.

शुक्रवारी मात्र ते जागचं हललं नव्हतं. घराकडे, सुलटं, मी लावलं होतं तसंच. सुटले बाई एकदाची, असं वाटलं. पोरांना खिचडी वाढायला घेईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं. मग हातातला डाव तसाच राहिला. तीन दिवस येत होती, मग आज का नाही आली? हा विचार माझ्या, या सगळ्याला हसणाऱ्या बाईच्या डोक्यात आला. मी डाव शांताबाईंकडे दिला आणि बाहेर जाऊन मनूच्या आईला फोन लावला.

"बाई, तुमाला कुनी सांगितलं?" तिचा आवाज रडवेला होता. "सोमवारच्या रातीपासून ताप हाय. गोळी दिल्ती. पाचटाच्या कोपीत निजवून आमी उसाच्या फडात जातो, मुकादम सुट्टी देईना. आज उठवाया गेले तर डोळंच उघडंना."

"कोयता टाक अन् दवाखान्यात ने तिला. आत्ताच्या आत्ता."

नेलं. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर..." याच्यापुढे डॉक्टर काय म्हणाले ते तिनं मला कधी सांगितलं नाही. पण मनू वाचली. गावात माझं नाव झालं, बाईंनी पोरगी वाचवली म्हणून. मीही ते कौतुक गपगुमान घेतलं. कार्डाचं मी अन् शांताबाई कुणाजवळ बोललो नाही.

उन्हाळ्यात कारखाना बंद झाला आणि माणसं परतली. मनू अंगणवाडीत आली, वाळलेली, केस बारीक कापलेले. थेट बोर्डाकडे गेली. घराकडचं टमाट्याचं कार्ड काढून शाळेकडे उलटं लावलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"बाई, मी लई लांबून येत हुते. तुमी मला रोज घरी का लावत हुत्या?"

मी तिला जवळ घेतलं.

तिच्या आईला नंतर आडून आडून विचारलं. ते तीन दिवस पोरगी कोपीतून हललीसुद्धा नव्हती, उठायचं त्राणच नव्हतं. मग इथलं तिला कसं कळलं? मला आजही उलगडलेलं नाही. लोक म्हणतात बाईंनी वाचवली. मला एवढंच दिसतं की तापानं फणफणलेलं लेकरू तीन दिवस माझ्या दारात आलं आणि मी रोज त्याला माघारी धाडलं.

यंदा दिवाळीनंतर मनू पुन्हा गेली. आजीपाशी ठेवा म्हणून मी हातापाया पडले, पण आजीच तोडीला जाते. टमाट्याचं कार्ड मी शाळेकडेच ठेवलंय, उलटं. रोज सकाळी कुलूप काढते आणि आधी तिकडे बघते. ते घराकडे गेलेलं दिसू नये, एवढंच मागते.