पहिल्या ओळीतला श्री

धरमतरच्या जेट्टीवर आमचं ऑफिस आहे आणि तिथे माल वाहणाऱ्या बार्जेसची पाळी कान्हूदादा लावतात. राहायला जवळच्या गडब गावात, वय साठीला टेकलेलं, आणि आधी ‘श्री’ लिहिल्याशिवाय त्यांचा हात पुढे जात नाही. तुमच्या-आमच्या घरी असतं तेवढं साधं हे प्रकरण नाही. नातीच्या केकवर त्यांनी क्रीमने एवढा श्री काढला, की पोरीचं नाव शेजारच्या बशीवर लिहावं लागलं. पाय मोडला तेव्हा प्लास्टर ओलं असतानाच त्यावर बोटाने श्री काढून झाला. डॉक्टर काही बोलले नाहीत, मी असते तर बोलले असते.

त्यांच्या खुर्चीसमोरच्या खिडकीतून खाडी दिसते. बार्ज दिसल्याशिवाय त्यांना डबा गोड लागत नाही. आणि हीच खुर्ची जायची वेळ आली.

झालं असं, की आमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका काळ्या चौकटीत ‘बार्ज’ अशी आज्ञा टाइप करून पुढे बार्जचं नाव लिहायचं असतं. मालकांनी नावं ठेवलीत मत्स्यगंधा, जलतरंगिणी अशी. इंग्रजी अक्षरांत दादा त्यांचं स्पेलिंग रोज नव्याने घडवायचे आणि मशीन दर वेळी निमूट एक नवीच बार्ज जन्माला घालायचं. मालकालाही ठाऊक नसलेल्या बार्जेस आमच्याकडे रांगेत उभ्या राहू लागल्या. शेवटी रोह्याच्या मोठ्या ऑफिसातून शिल्पा मॅडमचा निरोप आला: सोमवारी येते, हे थांबलं नसेल तर काम रोह्याला नेते आणि कामाबरोबर कान्हूदादांनाही. तिथल्या खिडकीतून समोरची भिंत दिसते.

मी दादांना उपाय सांगितला. नावांची एक छोटी फाइल करून ठेवली, की दोन अक्षरं लिहून टॅबचं बटण दाबायचं, पुढचं नाव मशीन आपणच भरतं. दादांनी व्हिडिओ बघून फाइल स्वतः लिहिली. टॅब दाबला. काही नाही. त्यांनी बटण पुसलं, त्याला कुंकू लावलं, करंगळीने दाबून पाहिलं. कुंकू बटणाच्या फटीत गेलं तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं आणि मी ती फाइल उघडून बसले.

पहिल्या ओळीवर श्री. दुसरीवर ‘#कॉम्पडेफ बार्ज’, म्हणजे ही फाइल कोणत्या आज्ञेसाठी आहे ते सांगणारी खूण. मशीन असल्या प्रत्येक फाइलची फक्त पहिली ओळ वाचतं. तिथे खूण दिसली तर फाइल आपली, नाही तर पुढे चालू लागतं. कुरकूरसुद्धा करत नाही. मी दादांना म्हटलं, श्री खाली घ्या, खूण वर जाऊ दे.

दादा खुर्चीत मागे सरकले. “श्रीच्या डोक्यावर मशिनीचा नाव? माझ्या हातून नाय व्हायचा, गो.”

मी चिडले. खाडी गेली तरी चालेल का, असं विचारलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले, डोळे भरले होते. मलाच वाईट वाटलं. मग तडजोड म्हणून मी खूण वर नेली आणि श्री त्याच ओळीच्या शेवटी, इंग्रजी अक्षरांत लिहिला, म्हणजे त्याच्या डोक्यावर कोणी नको. टॅब चालला. पण त्या ओळीत जे जे लिहाल ती मशीनला आज्ञाच वाटते, म्हणून ‘श्री’ लिहून टॅब दाबला तरी बार्जेसची नावं येऊ लागली.

दादांचा चेहरा उजळला. “मग त्या बार्जचा काय काम हाय? आज्ञेचाच नाव श्री ठेव.”

ठेवलं. सोमवारी मॅडम आल्या, सवयीने ‘बार्ज’ लिहिलं, मशीनने ओळख दाखवली नाही. दादा नम्रपणे म्हणाले, आधी श्री. मॅडमनी श्री लिहिला, दोन अक्षरं मारली, टॅब दाबला आणि मत्स्यगंधा अचूक उभी राहिली. त्यांनी बरीच नावं आणून बघितली. एकही नवी बार्ज जन्मली नाही.

काम आणि माणूस दोन्ही धरमतरलाच राहतील, असं त्यांनी तिथेच कंपनीच्या कागदावर लिहून सही केली आणि कागद दादांपुढे धरला. दादांनी तो वाचला, हात जोडले आणि परत मॅडमकडे सरकवला.

“वर श्री नाय,” ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. मॅडमनी दादांकडे पाहिलं, खाडीकडे पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि कंपनीच्या छापील नावाच्याही वर, कागदाच्या अगदी कडेला, श्री लिहिला.