गोळ्याला लागलेला पाय

राजूर अजून सात किलोमीटर होतं आणि ऊन चटकायला लागलं होतं. अंगारकीला गणपतीच्या दर्शनाला पायी निघालेली माणसं रस्त्याच्या कडेनं पुढं सरकत होती. दैवशालानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. पहाटे भोकरदन सोडल्यापासून शेजारी चालणारी दीपमाला धड दोन शब्द बोलली नव्हती.

"गुडघा दुखून राह्यला का गं?"

"त्याला काय धाड भरली. तू चाल, मास्तरीणबाई."

दोघी गावच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या. त्या शाळेला आता पन्नास वर्षं होत होती, स्मरणिका निघणार होती. लॉन बोल्सची आंतरराष्ट्रीय विजेती दीपमाला, तिच्यावर लिहायचं काम आता तिथंच शिकवणाऱ्या दैवशालाकडं आलं होतं. मजकूर सोमवारी छापायला जायचा होता. शाळेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी एक वाक्य आधीच देऊन ठेवलं होतं: परदेशी पंचांनी आपल्या लेकीचं दुसरं सुवर्णपदक हिरावून घेतलं.

बाकीचं दैवशालाला पाठ होतं. कबड्डीत गुडघा गेला तेव्हा दीपमालेची आई, साळूबाई, म्हणाली होती, "झालं आता, बस घरी." पण पुण्याच्या एका शिबिरात दीपमालेनं हिरवळीवरून गोळे सोडणाऱ्या बाया पाहिल्या. गोळा एका अंगाला जड, सरळ सोडला तरी वळत जाणारा. लांबवरच्या पांढऱ्या चेंडूजवळ तो नेऊन थांबवायचा. पळापळ नाही. तसली हिरवळ आपल्याकडं कुठली? साळूबाईनं शेतातलं खळं शेणानं सारवून दिलं. "गोट्याच खेळायच्या होत्या तर शाळेत कशाला घातली," अशी कुरकुर करत वर्षानुवर्षं सारवलं. सारवलेल्या भुईवर गोळा सुसाट जायचा. तो आवरता आवरता दीपमालेचा हात फुलासारखा हलका झाला. बारा वर्षांनी तिनं सोनं आणलं. पुढच्या खेपेला अंतिम सामना हरली.

"त्या सामन्याचं सांग की," दैवशाला म्हणाली. "तेवढंच लिहायचं राह्यलंय."

दीपमाला म्हणाली, "शेवटचा गोळा टाकून झाल्ता. कोणाचा जवळ, ते बघायला आम्ही दोघी गेलो. मी आणि ती मलेशियाची बाई. माझ्या पायाचा तिच्या गोळ्याला धक्का लागला. दोन बोटं सरकला असंल. कोणी बघितलं न्हाई. आता माझाच गोळा जवळ दिसत होता."

"मंग?"

"मंग काय! पुस्तकाला पाय लागल्यावर करतो तसं केलं. वाकले, गोळ्याला हात लावला, कपाळाला लावला. ती बाई बघतच राह्यली. पंच आला, विचारलं, पाय लागला का? मी म्हणलं, लागला."

"अगंबाई!"

"त्या बाईनं तिचा गोळा उचलून परत ठेवला. गवत दबलेलं होतं, बराबर तिथंच, केसभर इकडं-तिकडं न्हाई. मापलं तर तिचाच जवळ."

"मग हे तर अभिमानानं लिहीन मी. केवढा प्रामाणिकपणा..."

दीपमाला थबकली. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून पुढं गेली.

"कशाचा प्रामाणिकपणा गं? हात आपोआप गेला. थांबून विचार केला असता तर गेला असता का, ते त्या गणपतीलाच ठाऊक. आन् गावात सत्कार झाला तेव्हा? अण्णासाहेब माईकवर म्हणले, पंचांनी आन् त्या बाईनं मिळून लेकीला लुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गळ्यात हार घालून खाली मान घालून बसले. तेव्हा तोंड न्हाई उघडलं. दोन वर्षं झाली, ती बाई आपल्या गावात चोर आहे."

दैवशालानं पाण्याची बाटली पुढं केली. दीपमालेनं ती घेतली, पण प्यायली नाही.

"अण्णासाहेब छापू देतील का हे?" दैवशालानं हळूच विचारलं.

"ते मला न्हाई माहीत. दैवे, तू एवढं कर. माझं सोनं नंतर लिही. आधी लिही, पाय माझा लागला, तिनं गोळा जागेवर ठेवला, आन् मी गावापुढं गप्प बसले. ते गप्प बसल्याचं गाळू नको. आन् अण्णासाहेब न्हाई म्हणले, तर माझ्यावरचं सगळंच काढून घे."