फोडणी दिली तरी अलार्म गप्प

नातीला घर घ्यायचं होतं आणि ते मी एकदा बघून यावं असं तिच्या आईला वाटत होतं. तिची आई म्हणजे माझी मुलगी, ती राहते लांब, मॉरिसव्हिलला. नात शिकागो शहरात. आणि मी शहराजवळच शॉमबर्गला, रिटायर झाल्यापासून हाताशी सापडणारी. "आई, तू फक्त बरोबर जा. तिथे काही बोलू नकोस. बघ आणि मला फोन कर." हेर म्हणून पाठवायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं, हे माझ्या मुलीलाच सुचू जाणे.

इमारत विटांची, तीन मजली, शंभरी गाठलेली. अशा इमारती बाहेरून तशाच ठेवतात आणि आतलं सगळं उपसून नवं करतात. जाहिरातीत त्यातल्या फ्लॅटला म्हणतात व्हिंटेज कॉन्डो. फोटो बघूनच नातीचा जीव त्यावर जडला होता. तिला सहावा महिना, नवरा कामासाठी परगावी, आणि त्याच संध्याकाळपर्यंत ऑफर द्यायची होती. तीसुद्धा इन्स्पेक्शन न मागता.

"म्हणजे कुणी तपासायचंच नाही?" मी गाडीत विचारलं.

"आजी, एव्हरीवन वेव्ह्ज इट, सोडूनच देतात. इन्स्पेक्शन मागितलं की सेलर आपल्याकडे बघत पण नाही. रांग लागलीय तिथे."

म्हणजे तपासनीस म्हणून कोण, तर सत्तरी उलटलेली आजी आणि तिचा चार नंबरचा चष्मा.

घरं पारखण्यातला माझा अधिकार केवढा, तेही सांगून टाकते. शॉमबर्गचं आमचं पहिलं घर मी घेतलं ते बाथरूममधल्या कार्पेटवर भाळून. हो, बाथरूममध्ये कार्पेट. सोनेरी, केसाळ, कमोडच्या भोवती गोल कापून बसवलेलं. मी तेव्हा तिशीतली भूलतज्ज्ञ. ऑपरेशन टेबलावरच्या माणसाचा एकेक श्वास जपणारी बाई त्या कार्पेटवर अनवाणी उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, किती श्रीमंत वाटतं नाही पायाला?" तळघरात पाणी येतं का, हे विचारायचं तिला सुचलं नाही. पहिला बर्फ वितळला तेव्हा आमच्या लग्नाचा अल्बम तळघरात तरंगत होता. बाई हुशार होती, नाही असं नाही. पण हुशारी हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये ठेवून घरी यायची.

तर आम्ही गेलो. फेब्रुवारीतली दुपार. आकाश शिळ्या भातासारखं घट्ट, सरोवराकडून येणारा वारा कानात शिरत होता. आत जिन्यावर एकदम सामसूम. जाड गालिचा, बंद दारं, आणि पायांखालून कुठून तरी येणारी घरघर. एकसारखी, थोडी धाप लागल्यासारखी.

"तळघरातला बॉयलर," दार उघडून उभ्या असलेल्या ब्रोकरबाई म्हणाल्या. चाळिशीतल्या, उंची कोट घातलेल्या, हसऱ्या. हसता हसता दोन बोटांनी कपाळ चोळत होत्या. "सॉरी हं. या लिस्टिंगच्या घरी आलं की माझं सायनस उठतं. नव्या पेंटचा वास असणार."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. तिशीतली ती बाई अजून पुरती गेलेली नाही माझ्यातून.

घर सुंदर होतं, हे कबूल करायला हवं. कमानीच्या खिडक्या, जुन्या ओकची जमीन घासून मधासारखी केलेली, भिंती दुधाळ पांढऱ्या. काचेच्या वाडग्यात लिंबं होती. मी एक उचलून दाबलं, प्लास्टिकचं निघालं. ब्रोकरबाईंनी ते माझ्या हातून हळूच काढून परत वाडग्यात ठेवलं.

नात आम्हाला मागे टाकून शेवटच्या खोलीत गेली होती. घर विकणाऱ्यानं ती खोली बाळाची म्हणून सजवली होती. पांढरं क्रिब, म्हणजे दांड्यांचा पाळणा, त्यात कापडी ससा, भिंतीवर ढग. ती दारात उभी होती, पोटावर हात ठेवून, आणि वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा तिचा चेहरा आठ वर्षांच्या मुलीसारखा झाला होता.

"आजी, लुक."

मी बघितलं. पण मला दिसली खिडकी. घरातल्या बाकी सगळ्या खिडक्या कोरड्या आणि स्वच्छ, एवढी एकच आतून धुकटलेली. काचेवरून पाण्याचे ओघळ खाली येऊन चौकटीत साचले होते. या घरात कुणी राहत नव्हतं. कुणी आंघोळ करत नव्हतं, कुणी चहा उकळत नव्हतं. मग हा घाम कुणाचा?

क्रिबच्या मागच्या भिंतीवर मी तळवा टेकवला. भिंत कोमट होती.

"तिथे पूर्वी जुनं धुरांडं होतं," ब्रोकरबाई म्हणाल्या. "घर नवं करणाऱ्या रीमॉडेलरनं छान झाकून टाकलंय. उलट हिवाळ्यात बाळाला ऊब मिळेल की!"

खाली जमिनीलगत त्या भिंतीला एक जुनी लोखंडी जाळी होती, नक्षीची, पांढऱ्या रंगात बुडवलेली. "ओरिजिनल आहे," त्या म्हणाल्या. नातीनं तिचा फोटो काढला.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला आणि त्या बाहेर जिन्यावर गेल्या. मी स्वयंपाकघरात आले आणि पर्स उघडली.

आता इथे थोडं थांबून सांगते. अमेरिकेत स्वयंपाकघर पारखायची माझी एकच रीत आहे. ओटा किती लांब, फ्रिज किती दारांचा, हे सगळं नटवेपण. त्या घराला फोडणी सोसते का? शेगडीच्या वर लावलेला पंखा धूर बाहेर नेतो की तुमच्याच तोंडावर परत फेकतो? आणि छताला लावलेला धुराचा अलार्म किती तापट आहे? इथल्या प्रत्येक मराठी बाईची अलार्मशी जुनी ओळख असते. माझी झाली ॲन आर्बरला, रेसिडेन्सीच्या पहिल्या हिवाळ्यात. वरणाला मिरचीची फोडणी दिली आणि घर किंचाळायला लागलं. मला वाटलं, युद्ध सुरू झालं. पळीसकट चार मजले उतरून पळाले. सगळी बिल्डिंग बर्फात उभी, आणि ही डॉक्टरीण हातात धुमसत्या मिरच्या धरून विचारतेय, "आग कुठे लागली?" पुढे आम्ही त्या अलार्मला सासूबाई म्हणायला लागलो. फोडणी जराशी करपली की पहिला आवाज त्यांचा. मग एकानं ढवळायचं आणि दुसऱ्यानं स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालायचा, असे आमच्या संसाराचे दिवस गेले.

पर्समधून मी लोखंडी पळी काढली, तेलाची छोटी बाटली, मोहरी, हिंग, दोन सुक्या मिरच्या. शेगडी पेटली. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग फुलला, आणि मिरच्या मी मुद्दाम काळ्या होऊ दिल्या.

"आजी! यू डिड नॉट!" नात धावत आली. "दुसऱ्याच्या घरात? ओ माय गॉड, आई मला मारेल!"

"तुझ्या आईला मी बघते. तो पंखा लाव आधी."

तिनं बटण दाबलं. पंखा ऐटीत घोंगावला आणि सगळा धूर त्यानं शिस्तीत माझ्या डोळ्यांत सोडला. नात खोकायला लागली, मीही. मी एक टॉवेल हातात घेऊन तयार उभी होते, सवयीनं. आता ओरडेल, मग ओरडेल.

काहीच झालं नाही.

बरोबर माझ्या डोक्यावर अलार्म होता. गोल, कोरा करकरीत. त्याच्याभोवती धुराचं कडं झालं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, घशात आग होती, आणि घर गप्प. खालून फक्त बॉयलरची ती घरघर. इतक्या वर्षांत फोडणीनंतरच्या शांततेची भीती मला पहिल्यांदाच वाटली.

"ब्रोकन असेल," नात म्हणाली. "नवा लावू. इट्स अ स्मॉल थिंग, आजी."

मी धुराकडे बघत होते. तो स्वयंपाकघरातून निघून बोळात शिरला होता, जमिनीपासून हातभर उंच, आळसावल्यासारखा. बाळाच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याशी थांबला. मग मागे वळला. आतून कुणी हलकेच ढकलावं तसा.

पळी अजून धुमसत होती. ती घेऊन मी आत गेले, क्रिबच्या बाजूला गुडघे टेकले (उठताना नातीला दोन्ही हातांनी ओढावं लागलं) आणि पळी त्या नक्षीच्या जाळीपुढे धरली. धूर सरळ माझ्या तोंडावर आला. त्यामागून आलेली हवा कोमट होती, ओली होती, आणि तिला कसलाही वास नव्हता.

धुरांड्यानं ओढून घ्यायचं असतं. खालच्या बॉयलरचं जे काही जळतं ते वर नेऊन आकाशात सोडायचं असतं. हे धुरांडं वरून कुठेतरी बुजलं होतं आणि श्वास खोलीत टाकत होतं, ससा ठेवलेल्या त्या क्रिबच्या दांड्यांमधून. असल्या श्वासात काय असतं, ते मला ठाऊक होतं. जन्मभर मी माणसांना झोपवलं, पण त्यांना परत उठवायला मी उशाशी बसलेली असायची. कार्बन मोनॉक्साइड कुणाला उठवत नाही. माणसाला फक्त वाटतं, दमलोय, जरा पडावं.

"बाळा," मी म्हणाले, "या खोलीच्या बाहेर हो. आत्ता."

"आजी, डोन्ट बी ड्रमॅटिक..."

"बाहेर हो म्हटलं ना!"

मी तिच्यावर आजवर कधी ओरडले नव्हते. ती गेली.

ब्रोकरबाई परत आल्या त्या नाकाला रुमाल लावूनच. "काय जळलं?"

"मिरच्या. तो अलार्म उघडून बघता का?"

काय वाटलं असेल त्यांना कोण जाणे. बहुधा म्हातारीची समजूत काढावी म्हणून खुर्चीवर चढल्या. झाकण फिरवलं तर अख्खा अलार्मच हातात आला. मागे वायर जोडलेली नव्हती, बॅटरीची जागा रिकामी. बोळातलाही तसाच. नुसती टोपणं, छताला चिकटवलेली.

"मला माहीत नव्हतं," त्या खुर्चीवरच उभ्या राहून म्हणाल्या. खरं बोलत होत्या. चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"डोकं दुखतंय का आता?"

"हो."

"घरी गेल्यावर?"

"थांबतं," त्या हळूच म्हणाल्या.

"कोट घ्या. चला."

फायर ब्रिगेडला त्यांनीच फोन केला, रस्त्यावर येऊन. गाडी लवकर आली. पुढे गेलेल्या जवानाच्या कमरेला गॅस मोजायचं यंत्र होतं. दार उघडं होतं, त्यामुळे आम्हाला बाहेरून ऐकू आलं. तो पहिल्या जिन्याच्या वळणावर होता तेव्हाच ते यंत्र बोंबलायला लागलं.

मग सगळी दारं ठोठावली गेली. वरच्या मजल्यावरची एक मुलगी खाली आली, अंगाला ब्लँकेट, खांद्यावर झोपलेला वर्षभराचा पोरगा. वैतागली होती. आत्ताच कुठे झोपला होता म्हणे, आजकाल दुपारचा छान झोपतो. मी पुढे होऊन ब्लँकेट बाजूला केलं आणि सरोवरावरचा वारा त्याच्या तोंडावर येऊ दिला. त्यानं डोळे उघडले, माझं तोंड बघितलं आणि भोकाड पसरलं. जवानांनी दोघांना ॲम्ब्युलन्समध्ये घेतलं. पोरगा आत जाईपर्यंत रडत होता आणि मी कान देऊन ऐकत होते.

नातीचा फोन वाजला. नवरा होता. ऑफर गेली का, विचारत होता.

"नाही," ती म्हणाली. "नाही पाठवणार." मग फोन खिशात टाकून रडली. "आय नो इट्स स्टुपिड, आजी. पण मी मनात तिथे राहायला लागले होते. क्रिब पण तिथेच ठेवणार होते, त्याच भिंतीला लागून."

मी तिला जवळ घेतलं. त्या भिंतीवरचे ढग मलाही आवडले होते. तिला ते सांगितलं नाही.

ब्रोकरबाई समोरच्या इमारतीच्या पायरीवर बसल्या होत्या. एका जवानानं त्यांना ऑक्सिजनचा मास्क लावला होता, तो त्यांनी हनुवटीवर ओढून ठेवला होता आणि मोबाइलवर काहीतरी शोधत होत्या.

"मास्क नीट लावा," मी जाऊन दटावलं.

"त्याच रीमॉडेलरनं या भागात आणखी घरं केली आहेत," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "अशीच. जुनी धुरांडी झाकून, सगळं पांढरं."

"विकली गेली?"

"सगळी. मीच विकली."

त्यांना त्यातल्या एका घराचा नंबर सापडला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून गुडघ्यावर ठेवला. नात माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनं माझी बाही घट्ट धरली.

"कुणी राहतं तिथे?" तिनं विचारलं.

"एक जोडपं. मुलगी लहान आहे त्यांची," बाई म्हणाल्या. "या वेळी घरीच असतात."

फोन वाजत होता. आम्ही तिघी त्याच्याकडे बघत होतो. तो वाजतच राहिला.