खरा येईस्तोवर

मानकोली नाक्यावर गाडी अडकली की अर्धा तास गेला असं समजायचं. परवाही तसंच झालं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि समोरच्या गोदामाच्या भिंतीएवढ्या फलकावर एका गुप्तहेराचा चेहरा. जगभर फिरणारा, सूट न चुरगळता मारामाऱ्या करणारा तो पडद्यावरचा गुप्तहेर. नाव तेच, पिस्तूल धरायची ढब तीच, माणूस मात्र नवा. शेजारी बसलेल्या माझ्या नातवाने कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, हा खोटा आहे. खरा आधीचा होता," तो म्हणाला, आणि घरात कोणीतरी गेल्यासारखा गप्प झाला. त्याची समजूत काढायला हवी होती, पण मला हसू आलं. हसता हसता नाकात एक जुना वास शिरला: सुताला लावायच्या खळीचा, मशीनच्या तेलाचा आणि पत्र्याखाली तापलेल्या माणसांचा. तो वास आता तिथे कुठेच नव्हता. तो माझ्यातच होता आणि थेट आमच्या भिवंडीच्या थेटरातून आला होता.

मी पाहिलेला पहिला गुप्तहेर माझ्या बाच्या आवाजात बोलायचा. हे जरा समजावून सांगायला हवं. बा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. गाव आमचं पूर्णा. चुलता तिथे भातशेती बघायचा आणि आम्ही तिघं शहरात कारखान्याच्या मागच्या चाळीत एका खोलीत राहायचो. शुक्रवारी लूम बंद. अख्ख्या शहराच्या कानातली खडखड त्या दिवशी थांबायची आणि माणसं आंघोळ करून, केसांना तेल लावून थेटराकडे निघायची. बाही निघायचा, मला घेऊन. पोरीच्या जातीला असले मारामारीचे शिनेमे कशाला, असं चाळीतल्या बायका म्हणायच्या. बा म्हणायचा, "मी एकला ग्येलो तर मंग सांगू कुनाला?"

त्याचं खरंच होतं ते. चित्रपट इंग्रजी, आणि आम्हा दोघांनाही इंग्रजीचा गंध नाही. मग पडद्यावरचे ओठ हलले की बा माझ्या कानाशी लागून त्या गुप्तहेराचे संवाद म्हणायचा, आमच्या पूर्ण्याच्या बोलीत. खलनायक भल्या मोठ्या टेबलापाशी वाट बघत बसलेला असायचा. गुप्तहेर दारातून आत यायचा आणि बा म्हणायचा, "कवाधरनं बसलाय रं? उटू नको, बस. आदी पानी तरी पाज, मंग बगू कोन कुनाला मारतो ते." एखादी सोनेरी केसांची बाई त्याच्या गळ्यात पडली की बा घसा साफ करायचा आणि सांगायचा, "त्यो म्हनतो, बाई, घाई हाय, माजी गाडी सुटंल." मी ते सगळं खरं मानायचे. माझ्या लेखी जगातला सगळ्यात हुशार माणूस पूर्ण्याचा होता आणि त्याला गाडी सुटण्याची फार काळजी असायची.

गंमत अशी, की बाला आपण कुजबुजतोय असं वाटायचं. लूमवर दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाची कुजबूज म्हणजे इतरांची हाक. कारखान्यात माणसं ओठ वाचून आणि हातवारे करून बोलतात, आणि बाहेर आल्यावरही त्यांचे कान आतच राहिलेले असतात. त्यामुळे बाचे संवाद पुढच्या दोन आणि मागच्या तीन रांगांना ऐकू जात. सुरुवातीला लोक शुक्‌शुक्‌ करायचे. मग हळूहळू हसायला लागले. आणि पुढे पुढे तर बा जरा थांबला की मागून उत्तरेकडच्या कुणा विणकराचा आवाज यायचा, "भाई, अब क्या बोला?" बा मान वळवून त्यालाही सांगायचा, हिंदीत, त्याच थाटात. आमच्या रांगेतली तिकिटं आधी संपायची, असं बा फुशारकीने सांगायचा. खरं-खोटं कोण जाणे, पण मी तर ते चाळभर केलं.

मी दहा वर्षांची असताना बाला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत तो गेला. इतक्या थोडक्यात हे लिहिताना आजही हात अडखळतो. पण घडलं ते इतक्याच थोडक्यात. आई शहरातच राहिली. लूमच्या धोट्यात बसतात त्या सुताच्या कांड्या ती घरी चरख्यावर भरायची, आणि दिवसभर त्या चाकाची घरघर चालायची. मी रडले नाही. सगळे म्हणत, पोरगी धीराची आहे. धीर कसला? मला एकच भीती लागून राहिली होती, ती म्हणजे बाचा आवाज विसरायला होईल. डोळे मिटून मी तो ऐकायचा प्रयत्न करायचे. चेहरा दिसायचा, ओठ हलायचे, आणि आवाज दरवेळी जरा लांबून यायचा.

दीडेक वर्षाने पाटाची गोष्ट निघाली. आमच्या कुणबी घरांत विधवेचा पाट लागणं नवं नाही. मांडव नाही, वाजंत्री नाही. चार जाणती माणसं बसतात, होकार घेतात आणि नवं लुगडं नेसून बाई दुसऱ्या घरची होते. माणूस बघितलेला होता. समोरच्या कारखान्यातले एक कामगार, अकलोलीकडचे, बायको गेलेली, मूलबाळ नाही. बा आजारी असताना येऊन उशाशी मुकाट बसणारे. मी त्यांना काका म्हणायचे. पूर्ण्याच्या माणसांची ना नव्हती. अडून बसली ती आईच. तिने पंचांना सांगितलं, "पोरीला इचारल्याबिगर मी हो म्हननार न्हाय." आणि मला जवळ घेऊन म्हणाली, "तू न्हाय म्हनलीस तर न्हाय. मी रागावनार न्हाय तुज्यावर. आयतवारपावतर सांग."

साडेअकरा वर्षांच्या पोरीच्या हातात आईने आपलं उरलेलं आयुष्य असं सहज ठेवलं. तिला ते सहज नव्हतं, हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा माझं उत्तर तयार होतं. नाही म्हणायचं. घरात दुसऱ्या पुरुषाचा आवाज घुमायला लागला की बाचा उरलासुरला आवाज पुसला जाणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. रविवारपर्यंत थांबायचं तेवढं आईचं मन राखायला.

मधल्या शुक्रवारी काका दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात तोंड पुसायचं फडकं, तेही विसरून तसंच धरलेलं. "त्या गुप्तहेराचा नवा लागलाय," ते म्हणाले. "येतेस?" मी आईकडे पाहिलं. ती चाकाकडे बघत राहिली. गुप्तहेराचं नाव ऐकल्यावर मला नाही म्हणता येईना. पण मी त्यांच्यापासून चार पावलं मागे राहून चालले, आणि काका वळून न बघता, मी येईन इतपत हळू चालत राहिले.

थेटरात अंधार झाला, वाद्यं वाजली, पडद्यावर समुद्रकिनारा आला. एक माणूस गाडीतून उतरला आणि त्याने आपलं नाव सांगितलं. नाव बरोबर होतं. माणूस भलताच होता. हनुवटी वेगळी, केस वेगळे, चाल वेगळी. सगळ्या थेटरात गलका उठला. "ये कौन है बे?" "असली किधर गया?" आमच्याकडे तेव्हा कोणाला ठाऊक, की एक नट काम सोडतो आणि दुसरा येतो. मुंबईत झिजलेल्या प्रिंटा आमच्याकडे वर्षा-दोन वर्षांनी यायच्या, त्याही उलटसुलट क्रमाने. मग लोकांनी आपापल्या अकलेने निकाल लावला. मागून कोणीतरी ठासून म्हणालं, "दुश्मन का आदमी है. असली को तहखाने में बंद किया है." हे सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं. हा तोतया. खरा कुठेतरी तळघरात कोंडलेला आहे. दार फुटेल, तो येईल, आणि ह्याची चांगली जिरवेल.

मी श्वास धरून वाट बघू लागले. पडद्यावर जिथे जिथे दार आलं, तिथे तिथे मी पुढे सरकून बसले. एवढ्यात काका माझ्याकडे झुकले. "काय बोलतोय गं त्यो?"

"त्यो खरा न्हाय," मी फटकारलं. "त्याचं काय ऐकायचं?"

त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "खरा येयस्तवर ह्याचं तरी सांग. मला काय कळत न्हाय."

मी पडद्याकडे पाहिलं. तोतया खलनायकाच्या पंगतीला बसला होता. समोर ताटं, मागे बंदूकवाले. आणि माझ्या तोंडातून निघालं, "त्यो म्हनतो, भात निवला. आदी जेवून घेऊ, मारामारी काय पळून चालली न्हाय." काका हसले. मोठ्याने नव्हे, त्यांचे खांदे हलले. मी पुढचं सांगितलं. मग त्याच्या पुढचं. काकांनाही कमीच ऐकू यायचं, म्हणून मी आवाज चढवला. मागची रांग एकदम शांत झाली, आणि एक ओळखीचा आवाज आला, "अरे, ये तो उसी की बेटी है. वो बोलता था न, उसकी." आणि मग, जरा थांबून, "जोर से बोल बेटा. इधर तक आना चाहिए."

मी जोराने बोलले. मध्यंतरानंतर सबंध वेळ बोलत राहिले. घसा साफ करून, बाईला गाडीची घाई सांगून, खलनायकाला पाणी मागून. मधेच कधीतरी मला जाणवलं, की हे शब्द मी जुळवत नाही. ते आपसूक येताहेत, बाच्याच हेलाने, बाच्याच वेळेवर, आणि आता ते लांबून येत नव्हते. दीड वर्ष मी ज्याला डोळे मिटून शोधत होते तो आवाज माझ्याच घशात बसला होता. मी नुसती गप्प राहिले होते, म्हणून तो सापडत नव्हता.

खरा मात्र आला नाही. तोतयाच जिंकला. दिवे लागले, लोक अजून वाद घालत उठले, दारं उघडली आणि बाहेरचं ऊन आत आलं. मी बसून राहिले. अजून काहीतरी असेल, असं मनाशी म्हणत पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिले. झाडूवाला आमच्या रांगेपर्यंत आला. दारवाला म्हणाला, "चलो, खतम हो गया." काका त्याला म्हणाले, "पोरगी उटंल तवा उटू." आणि तेव्हा मला कळलं, की तो यायचा नाही. कुठल्याही दारातून यायचा नाही. बा गेल्यानंतर पहिल्यांदा मी रडले. काकांनी पाठीवर हात ठेवला नाही, उगी म्हटलं नाही. फडकं तेवढं पुढे केलं, ते सकाळचं, आणि स्वतः पडद्याकडे तोंड करून बसले.

रविवारची वाट मी पाहिली नाही. घरी आल्या आल्या आईला सांगितलं, "आये, काकांना हो सांग." चाक थांबलं. तिने एवढंच विचारलं, "डरून न्हाय ना सांगत?" मी नाही म्हटलं. मग ती चुलीकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी ढवळत राहिली.

पुढे आम्ही त्या गुप्तहेराचे सगळे चित्रपट पाहिले. प्रिंटांच्या लहरीमुळे जुना माणूस अधूनमधून परत यायचा, मग पुन्हा नवा, आणि काही वर्षांनी तिसराच एक भिवई उडवणारा. त्याला बघून कोणी तोतया म्हणालं नाही. जुना परत आला त्या दिवशी मी घाबरत घाबरत गेले होते. पण तोही माझ्याच तोंडून बोलला आणि मला हायसं वाटलं. काकांना मी शेवटपर्यंत काकाच म्हटलं. शाळेत बाचंच नाव राहिलं. त्यांनी कधी दुसरं काही मागितलं नाही, आणि माझ्यावरचं केवढं ओझं त्यांनी असं न बोलता उतरवून ठेवलं, ते मला माझी मुलं मोठी होईपर्यंत उमगलं नाही. आईने त्यांच्यासोबत तीस वर्षं काढली. भांडली, हसली, वज्रेश्वरीच्या जत्रेत हरवली आणि सापडली. मी त्या आठवड्यात नाही म्हटलं असतं तर, हा विचार आजही कधीतरी अंगावर येतो, आणि मग तसं झालं नाही म्हणून मी अक्षरशः सुटकेचा श्वास टाकते.

काका गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आई आणि मी असंच काही जुनं बोलत बसलो होतो. मी तिला तो तोतया, तो तहखाना, आम्ही दोघं खुळ्यासारखे बसून राहिलो ते, सगळं हसत हसत सांगितलं. तिला हसू आलं नाही. ती म्हणाली, "त्यांनी आदल्या सुक्रवारी एकट्यानं बगितलेला त्यो शिनेमा. पोरीला दाकवन्यासारका हाय का न्हाय, म्हनून."

 मनात ते थेटर पुन्हा उभं राहिलं: झाडूचा आवाज, दारातलं ऊन, कोरा पडदा. त्या रिकाम्या खुर्च्यांत आम्ही दोघंच होतो. त्यातल्या एकाला पहिल्यापासून माहीत होतं, की कोणी येणार नाही. आणि त्याने मला एकदाही ऊठ म्हटलं नव्हतं.